विकलं, पण सोडलं नाही

जून २०२३ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. आरोप असा की प्राइमचं सदस्यत्व लोकांच्या गळ्यात नकळत पडतं, आणि ते सोडायचं म्हटलं तर ४ पानं, ६ क्लिक आणि १५ पर्याय ओलांडावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकरण २५० कोटी डॉलरवर मिटलं. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत करायचे ठरले. कंपनीने चूक मान्य केली नाही. मला मात्र या आकड्यांपेक्षा तक्रारीतला एक तपशील जास्त बोचतो. सदस्यत्व रद्द करण्याच्या त्या वाटेला कंपनीत आतल्या आत एक नाव होतं, ‘इलियड’. होमरचं हजारो ओळींचं महाकाव्य, लांबत जाणाऱ्या युद्धाचं. वाट लांब आहे हे ती बांधणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. या प्रकरणात बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांत तर नको असलेली सदस्यत्वं लोकांच्या माथी मारण्याच्या प्रकाराला कुणीतरी ‘ज्याबद्दल कुणी बोलत नाही असा कॅन्सर’ म्हटलं होतं.

ज्याने ते लिहिलं तो माणूस कोण, हे मला माहीत नाही. पण तशी माणसं मी रोज पाहते, कारण मीही सॉफ्टवेअर बनवून पोट भरते. म्हणून अशी बातमी आली की मी ती दोन्ही बाजूंनी वाचते. ग्राहक म्हणून राग येतोच. त्याच वेळी डोळ्यांसमोर उभी राहते ती टीम. त्या स्क्रीन कुणीतरी काढल्या असतील, कुणीतरी कोड लिहिला असेल, आणि टेस्टिंग करणाऱ्या कुणाला तरी दर रिलीजच्या आधी त्या सगळ्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढाव्या लागल्या असतील. ती व्यक्ती संध्याकाळी घरी जाऊन स्वतःचं कुठलं तरी सदस्यत्व रद्द करायला बसली असेल, तेव्हा तिला समोर दुसऱ्या कुणीतरी बांधलेली तशीच वाट दिसली असेल.

या धंद्याबद्दल आपण बोलतो तेव्हा सहसा दोन वेगळी गाऱ्हाणी ऐकू येतात. एक ग्राहकांचं : वस्तू टिकत नाहीत, दुरुस्त होत नाहीत, पैसे कापले जातात, तक्रार ऐकायला माणूस मिळत नाही. दुसरं आतल्या लोकांचं : डेडलाइन, नोकरकपात, आणि अभिमान वाटेल असं काही हातून होत नाही ही खंत. मला वाटतं हे गाऱ्हाणं एकच आहे. ज्या निर्णयाने रद्द करण्याचं बटण लपतं, त्याच निर्णयाने ते बटण सरळ ठेवू पाहणाऱ्या माणसाचं तोंड बंद होतं.

हे होतं कसं, ते नीट सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कुणीतरी दुष्ट माणूस बसून लोकांना फसवायची योजना आखत असेल. माझ्या पाहण्यात तसं कुणी आलेलं नाही. बैठकीत ‘लोकांना अडकवू या’ असं कुणीच म्हणत नाही. म्हणतात, ‘या तिमाहीत चर्न वाढलाय.’ म्हणजे सोडून जाणारे वाढलेत. मग कल्पना निघतात. निघताना कारण विचारू या. एक सवलत दाखवू या. ‘खरंच जायचं?’ असं एकदा विचारू या. प्रत्येक कल्पना सुटी घेतली तर निरुपद्रवी वाटते. मग ए/बी टेस्ट होते : निम्म्या लोकांना जुनी स्क्रीन, निम्म्यांना नवी. ज्या स्क्रीनवरून कमी लोक गेले ती जिंकते, आणि दोन आठवड्यांत ती सगळ्यांसाठी लाइव्ह जाते. पुढच्या तिमाहीत आणखी एक पायरी. कुणी एकाने वाट लांब केलेलीच नसते. ती लांब होत गेलेली असते.

यातली खरी खोट त्या आकड्यात आहे. डॅशबोर्डवर जो ‘टिकलेला’ ग्राहक दिसतो तो दोन प्रकारचा असू शकतो. एक, ज्याला सेवा आवडली म्हणून तो राहिला. दुसरा, जो निघाला होता, तिसऱ्या पानावर थकला आणि फोन बाजूला ठेवून दिला. आकड्यात दोघे सारखेच. आलेख दोघांमुळे सारखाच वर चढतो, बोनस दोघांवर सारखाच मिळतो. खरं तर हे दोन आकडे वेगळे करणं तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. पण वेगळे केले तर त्यातला एक आकडा कुणालाच सादर करायचा नसतो.

आणि तिसऱ्या पानावर थकलेला माणूस कोण असतो? माझी मावशी असते. तिने कुठलंसं अ‍ॅप एका महिन्याच्या मोफत वापरासाठी घेतलं होतं. पैसे कापले जायला लागले तेव्हा तिने ते थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि कितीतरी महिने ती ते कुणाला बोलली नाही. मला सांगितलं तेही खालच्या आवाजात. ‘माझंच काहीतरी चुकलं असेल गं, मला नाही कळत तुमचं ते.’ आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. मी तिच्या शेजारी बसून ते उघडलं. ‘चालू ठेवा’ हे बटण मोठं, रंगीत. ‘रद्द करा’ हे फिक्या राखाडी अक्षरांत, खाली, एखाद्या तळटीपेसारखं. तिला कळत नव्हतं असं काही नव्हतं. तिला कळू नये म्हणून कुणीतरी मेहनत घेतली होती.

पैसे गेले त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते याचं की तिने दोष स्वतःकडे घेतला. अशी माणसं किती असतील, जी स्वतःला अडाणी समजून गप्प बसली? या धंद्याने लोकांचं जे नुकसान केलं त्यात हे मला सर्वांत मोठं वाटतं, आणि कुठल्याही खटल्यात त्याची भरपाई मागता येत नाही.

आता वस्तूंकडे येते. पूर्वी विक्रीला शेवट होता. पैसे दिले, वस्तू घेतली, दुकानाची पायरी उतरलं की व्यवहार संपला. त्यानंतर ती वस्तू मोडा, खोला, दुसऱ्याला द्या, कुणाची ना नव्हती. वस्तूंमध्ये सॉफ्टवेअर शिरलं आणि इंटरनेट आलं, तसा हा शेवट नाहीसा झाला. विकणारा वस्तूच्या आत राहूनच तुमच्या घरी येतो आणि पुढचे निर्णयही तोच घेतो.

१३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची शाईची कार्ट्रिज एकाएकी नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवसापर्यंत तीच कार्ट्रिज त्यांना चालत होती. त्यासाठीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, काही महिने आधीच अपडेटमधून यंत्रांत जाऊन बसलं होतं, त्या तारखेला ते जागं झालं. ओरड झाल्यावर कंपनीने ग्राहकांना आधी नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागितली आणि ती अडवणूक काढणारं पर्यायी फर्मवेअर दिलं. त्याआधी जुलै २००९ मध्ये किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावरची काही विकत घेतलेली ई-पुस्तकं वाचकांच्या यंत्रांतून दूरवरून पुसली गेली होती. ती पुस्तकं तिथे विकायला ठेवणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण घेतलेलं पुस्तक आपल्या कपाटातून परस्पर जाऊ शकतं हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातले दिवे आणि कुलपं चालवणारा एक हब होता. तो बनवणारी कंपनी २०१४ मध्ये नेस्ट या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि मे २०१६ मध्ये, हब ज्यांच्यावर चालायचा ते सर्व्हर बंद केले. हबमध्ये बिघाड काहीच नव्हता. तरी तो त्या दिवसापासून कुचकामी झाला.

या सगळ्यात एक प्रकरण मला नेहमी थोडं वेगळं वाटतं, आणि इंजिनिअर म्हणून त्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअर मुद्दाम कमी करतं. कारण दिलं गेलं ते असं : जुनी बॅटरी अचानक लागणारी जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. हे कारण मला पटतं. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रोसेसरने एकदम ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं. फोन बंद पडण्यापेक्षा तो थोडा हळू चालणं बरं, असा निर्णय मीही कदाचित घेतला असता. पण तो लोकांना सांगितला असता. फोन हळू झाला म्हणून किती जणांनी नवा घेतला असेल, जेव्हा फक्त बॅटरी बदलून काम भागलं असतं! बोभाटा झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला, आणि २०२० मध्ये अमेरिकेतला ग्राहकांचा खटला ५० कोटी डॉलरपर्यंतच्या रकमेवर मिटवायची तयारी झाली. इंजिनिअरांचं काम चोख होतं. गप्प राहण्याचा निर्णय दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत झाला.

दुरुस्तीचंही तसंच. आधुनिक फोनमध्ये स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा अशा सुट्या भागांना स्वतःचा क्रमांक असतो आणि मुख्य बोर्ड तो ओळखतो. एकाच मॉडेलच्या दोन फोनांतल्या अस्सल स्क्रीन अदलाबदल केल्या तरी काही सुविधा बंद पडू शकतात, कारण कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्या भागाला ‘मान्यता’ दिलेली नसते. हात कितीही कुशल असले तरी इथे अडतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून भाग असे सॉफ्टवेअरने बांधून ठेवण्याला बंदी घातली. ट्रॅक्टरवाले शेतकरीही त्याच दारात उभे आहेत : जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डियर या ट्रॅक्टर कंपनीवर खटला भरला, कारण यंत्र पूर्ण दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरांनाच मिळतं असा आरोप आहे. पीक उभं असताना ट्रॅक्टर स्क्रीनवर एक संदेश दाखवून थांबावा आणि तो संदेश पुसण्याचा अधिकार दूरच्या कुणाकडे तरी असावा, याला मालकी कसं म्हणायचं?

दुसरी बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. सर्व्हर चालवायला पैसे लागतात. सुरक्षेचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे छोटे अपडेट, आपोआप तयार होत नाहीत, त्यामागे माणसं रात्री जागतात. एकदाच पैसे घेऊन दहा वर्षं सेवा देणं कुठल्याही कंपनीला परवडणार नाही. म्हणून दरमहा पैसे घेण्याला माझा विरोध नाही. चिडते मी ती दुसऱ्या गोष्टीने. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूट या फोटोशॉप वगैरेंच्या संचाच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवलं आणि सगळं दरमहाच्या वर्गणीवर नेलं, इथवर तो धंद्याचा निर्णय झाला. पण जून २०२४ मध्ये त्यांच्यावर जो सरकारी खटला झाला, त्यात आरोप होता की दरमहा म्हणून विकलेली योजना प्रत्यक्षात वर्षाची होती आणि मध्येच सोडल्यास लागणारं शुल्क बारीक अक्षरांत लपवलेलं होतं. सेवेची किंमत घ्या. बाहेर पडण्याची किंमत आणि तीही लपवून, ही कसली रीत?

सुरक्षेच्या नावावर जे होतं तेही मला पूर्ण पटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारी कितीतरी यंत्रं नियमात बसत नाहीत. टीपीएममुळे सुरक्षा वाढते हे खरं. पण संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचंच रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात चालती यंत्रं भर घालणार असतील तर त्याचा हिशेब कुणाच्या ताळेबंदात येतो? कुणाच्याच नाही. दुसरीकडे फेअरफोनसारख्या छोट्या फोन कंपनीने २०१५ चं आपलं दुसरं मॉडेल मार्च २०२३ पर्यंत अपडेट देत चालवलं, तेही चिप बनवणाऱ्यांनी हात वर केल्यानंतर. म्हणजे जमतं. मोठ्यांनी ठरवलं तर सहज जमेल.

आता आतल्या माणसांविषयी. २००० च्या दशकात अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी अशा कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना आपणहून नोकरीसाठी विचारायचं नाही असे छुपे करार केले होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये ते उघड केले, आणि कर्मचाऱ्यांनी केलेला दावा २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरवर मिटला. ग्राहकाने दुसरीकडे जाऊ नये म्हणून जी वाट बुजवली जाते, तीच कर्मचाऱ्यासाठीही बुजवलेली होती. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातली ती दोन गाऱ्हाणी पहिल्यांदा एकत्र आली.

मग २०२२-२३. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने ११,००० लोकांना काढलं, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० जागा कमी करण्याचं जाहीर केलं. गूगलच्या अमेरिकेतल्या अनेकांना सकाळी लॉगिन होईना तेव्हा कळलं की आपली नोकरी गेली. काहींनी तिथे दहा-पंधरा वर्षं घालवली होती. सहकाऱ्यांना निरोप देण्यापुरताही वेळ मिळाला नाही. कंपनीकडे पैसे नसते तर हे दुःख वेगळं असतं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाने आपलेच शेअर परत विकत घेण्यासाठी आणखी ४,००० कोटी डॉलर जाहीर केले, आणि एप्रिलमध्ये गूगलची पालक कंपनी अल्फाबेटने त्यासाठी ७,००० कोटी डॉलर मंजूर केले. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी, जिथे कपात झाली नाही तिथेही, एक बदल झाला आणि तो मी जवळून पाहिला. बैठकीत ‘हे बरोबर नाही’ म्हणणारे आवाज कमी झाले. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, तो कशाला बोलेल? तिकीट आलं, म्हणजे नेमून दिलेल्या कामाची नोंद, करून टाकलं, बंद केलं.

बाहेरच्यांना हे दिसत नाही, पण चांगल्या प्रॉडक्टमागे कुणीतरी कुठल्यातरी क्षणी ‘नाही’ म्हटलेलं असतं. ही स्क्रीन नको. ही परवानगी मागायची गरज नाही. हा बग सुधारल्याशिवाय रिलीज नको. असा नकार देणारी माणसं अनुभवी असतात, त्यांचा पगार जास्त असतो, आणि कपातीची यादी करताना नेमकी तीच आधी डोळ्यांत भरतात. मग उरलेल्यांच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत, जुने बग वर्षानुवर्षं पडून राहतात. ग्राहकाला वाटतं अ‍ॅप बनवणाऱ्यांना पर्वा नाही. पर्वा करणारा माणूस नोकरीवर राहिलेला नसतो.

नकाराला बळ असतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी ड्रोनच्या चित्रणाचं विश्लेषण करणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या मेव्हन प्रकल्पाविरुद्ध पत्रावर सह्या केल्या, आणि कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, लैंगिक छळाचे आरोप असलेल्या वरिष्ठांना सांभाळून घेतल्याच्या निषेधार्थ, जगभरातल्या कार्यालयांतून सुमारे २०,००० जण बाहेर पडले. २०१९ मध्ये गूगलने कर्मचाऱ्यांवरची सक्तीच्या लवादाची, म्हणजे कोर्टात न जाता वाद लवादापुढेच नेण्याची, अट काढून टाकली. एवढं घडलं कारण तेव्हा माणसांना नोकरी जाण्याची भीती कमी होती आणि ती एकत्र होती.

कायदे आता हळूहळू हलताहेत. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून फोनसारख्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला बदलता येईल अशी, काही अपवाद सोडून, द्यावी लागेल. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात याचे गुण छापावे लागू लागले. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या डिझाइनचे १३ प्रकार नाव घेऊन निषिद्ध ठरवले गेले. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं ते त्यात आहे. उलट अमेरिकेत, जितक्या सहज सदस्यत्व घेता येतं तितक्याच सहज सोडता आलं पाहिजे हा साधा नियम लागू व्हायला काही दिवसच उरले असताना जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवर बोट ठेवून रद्द केला. म्हणजे कायद्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

माझ्या हातात कायदा नाही आणि कंपनीही नाही. माझ्या हातात दर स्प्रिंटच्या, म्हणजे काही आठवड्यांच्या कामाच्या फेरीच्या, शेवटी होणारी बैठक आहे, आणि तिथे मी एक मागणी मांडत असते : ‘रद्द करा’ दाबलं पण शेवटच्या पानापर्यंत पोचले नाहीत, अशा लोकांची मोजणी वेगळी दाखवा. त्यांना ‘टिकलेले’ या खान्यात घालू नका. त्यासाठी नवं काही बांधायला लागत नाही. ते सगळे क्लिक आपण आधीपासूनच नोंदवून ठेवतो.